उजवा हात, डावा कान

माझा जन्म एक जूनला झालेला नाही. कधी झाला ते कुणालाच माहीत नाही. माय सांगायची, कापसाची शेवटची वेचणी चालू होती आणि थंडीने बोटं फुटली होती. म्हणजे पौष असेल, फार तर माघ. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून पासपोर्टापर्यंत माझ्या झाडून सगळ्या कागदांवर एक जून आहे. मी नोकरीतून निवृत्तसुद्धा एकतीस मेला झाले, कारण एक जूनवाल्यांना सरकार आदल्या दिवशीच घरी पाठवतं. आमच्या भागात त्या दिवशी शाळाशाळांत इतके सत्कार असतात की नारळ पुरत नाहीत.

ही तारीख मला गुरुजींनी दिली. शिंदखेड्याच्या बाजूला आमचं गाव, आणि शाळा चावडीच्या ओट्यावर भरायची. बाबा मला हाताला धरून तिथे घेऊन गेले. बाबा जिनात हमाली करायचे, कापसाच्या गाठी उचलायचे. त्यांना सही येत नव्हती, अंगठा करायचे. आमच्या बौद्ध वस्तीतून शाळेत जाणारी मी पहिली मुलगी, त्यामुळे बाबा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले होते. गुरुजींनी जन्म कधीचा विचारलं. बाबा म्हणाले, थंडीतला. गुरुजी हसले आणि मला म्हणाले, "उजवा हात डोक्यावरून ने आन डावा कान धर."

तेव्हा जन्मदाखला कुणाकडे नसायचा. हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचला की मूल सहा वर्षांचं झालं, अशी सगळीकडची रीत होती. मग मास्तर साल मागे मोजायचे आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून एक जून टाकायचे. माझा हात काही पोचेना. मधलं बोट कानाच्या वर दोन पेरं अडकलं. बाबांचा चेहरा उतरला. पुढच्या वर्षी आणा म्हटलं असतं तर पुढचं वर्ष आलंच नसतं, कारण मला धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवायचं असं आजीचं ठरलेलंच होतं. गुरुजींनी इकडेतिकडे बघितलं, हळूच माझी मान डावीकडून उजवीकडे कलती केली आणि बोट कानाला लागलं. "पोचला," ते म्हणाले आणि रजिस्टर उघडलं.

ती वाकडी केलेली मान मी जन्मभर विसरले नाही. माझं पुढचं सगळं त्या एका कलण्यावर उभं आहे. गुरुजींनी मला पहिल्या रांगेत बसवलं. ते आमच्यातले नव्हते, आणि त्या काळी त्या गावात ही साधी गोष्ट नव्हती. अक्षर त्यांचं इतकं घोटीव की फळा पुसताना जिवावर यायचं. धडा मला ऐकूनच पाठ व्हायचा, मग पुस्तकात न बघता मी घडाघडा म्हणायची. ते पाठीत एक धपाटा घालून म्हणायचे, "पाठ म्हणू नको. जे लिहिलंय तेच वाच." मॅट्रिक आणि बी.एस्सी. धुळ्याला केलं, बी.एड. जळगावला, आणि जळगावच्याच एका हायस्कुलात मी गणित शिकवायला लागले. पहिल्या पगारात गुरुजींना धोतरजोडी नेली. बाबा त्याआधीच गेले होते.

ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. आखातातल्या एका मुलींच्या शाळेला गणिताच्या बाई हव्यात, अशी जाहिरात आली. मुंबईला मुलाखत झाली आणि मी निवडले गेले. माय रडली, भावाने हार घातला, हायस्कूलच्या नोकरीचा मी राजीनामा दिला. रजेवर जा, असं चार जण सांगत होते. मी ऐकलं नाही. अंगात रग होती.

शिकवायला मला तिथे काहीच त्रास झाला नाही. मुली गोड होत्या. मुख्याध्यापिकेला तिथे मुदीरा म्हणतात, त्या मुदीराबाई कडक पण न्यायाच्या होत्या. त्रास होता तो कागदांचा. दरवर्षी परवाना नवा करायचा आणि दरवर्षी शिक्षण खात्याच्या कचेरीला माझ्याबद्दल नव्याने संशय यायचा. पहिल्या वर्षी पदवी खरी आहे का ते विचारलं. मुंबईचे तीन शिक्के मारून आणले. दुसऱ्या वर्षी म्हणाले, पदवी खरी असेल, पण गुणपत्रिका कुठे आहेत? त्या विद्यापीठाकडून मोहोरबंद पाकिटात मागवल्या. तिसऱ्या वर्षी मॅट्रिक निघालं. आमच्या स्टाफरूममध्ये इंग्लंडहून आलेली एक बाई होती, तिचे कागद पहिल्या दिवशी एकदा बघितले, त्यानंतर कुणी हात लावला नाही. आम्ही भारतातून आलेल्या मात्र दर मे महिन्यात सुटीला म्हणून घरी यायचो आणि सुटी कचेऱ्यांच्या बाकांवर काढायचो. जळगाव ते धुळे, धुळे ते शिंदखेडा, परत जळगाव. एसटीच्या खिडकीचा गज हाताला चटका द्यायचा. पिशवीत पाण्याची बाटली, कागदांची फाईल आणि रुमालात बांधलेला कांदा. भाऊ चिडवायचा, "आक्का, दरसाल मागं मागं चाललेत ते. पुढच्या वर्षी सुईणीचा दाखला मागतील."

हसायचो आम्ही. पण दरवर्षी कुणीतरी तुम्हाला विचारत राहिलं की तुम्ही खरंच तुम्ही आहात का, तर आतून काहीतरी पोखरलं जातं. आरशात केस विंचरताना मला वाटायचं, आपलं कुठेतरी काहीतरी खोटं असणारच. नाहीतर इतकी माणसं कशाला विचारतील?

माझ्या खोलीत नशिराबादच्या, उर्दू शाळेत शिकलेल्या एक बाई राहायच्या. माझ्याहून मोठ्या, म्हणून मी त्यांना आपा म्हणायची. परमुलखात जळगावच्या हायवेवरचं माणूस भेटलं की त्याला नातेवाईकच समजायचं. आपा विज्ञान शिकवायच्या. चौथ्या वर्षी आम्हा दोघींना एकदमच कचेरीत बोलावलं. साहेबाने दोन पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हीवर बोट टेकलं. एकाच भागातून आलेल्या दोन बायका आणि दोघींची जन्मतारीख एक जून. शेजारच्या शाळेतली एक तिसरीही निघाली होती, तीही खान्देशातली, तीही एक जूनची. साहेबाचा समज झाला की आमच्याकडे कुठेतरी खोटे कागद छापायचा कारखाना आहे, आणि त्या कारखान्याचा मालक आळशी आहे.

आपा हसायला लागल्या. मी पण हसले. हीच चूक झाली, कारण साहेबाला ते आवडलं नाही. त्याने सांगितलं, तुम्ही पहिल्यांदा ज्या शाळेत गेलात, तिच्या मुख्याध्यापकाने लेखी कळवायचं की ही तारीख कशाच्या आधारे लिहिली. पत्र शाळेतून सरळ टपालाने आलं पाहिजे, तुमच्या हातून नको. सुटीनंतर ते आलं नाही किंवा पटलं नाही, तर परवाना नाही.

मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. मुंबईचे शिक्के, विद्यापीठाची पाकिटं यांच्यापुढे हे काम कितीतरी सोपं होतं. गुरुजी अजून त्याच शाळेवर होते, आता मुख्याध्यापक. शाळेला दोन पक्क्या खोल्या झाल्या होत्या. मे महिन्यात मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा मांडायला सांगितला, चष्मा पुसला आणि साहेबाचा किस्सा ऐकून पोट धरून हसले.

"चाल, पोरी, गंमत दाखाडस," म्हणत त्यांनी शाळेची किल्ली घेतली आणि मला शाळेत नेलं. कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. माझं पान उघडलं. माझ्या नावाच्या वर एक जून, खाली एक जून, मागच्या पानावर एक जून. "हाई देख, बठ्ठा पोरे एक जूनना. मनंच काम शे हाई." सगळी पोरं एक जूनची, आणि काम त्यांचंच.

मी म्हटलं, "गुरुजी, एवढंच लिहून पाठवा. त्या काळी जन्माची नोंद नसायची, अंदाजाने तारीख घातली. बस."

"तू बिनघोर जाय. मी लिखी धाडसू."

आत्ताच लिहा, असं म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं. मी म्हटलं नाही. ज्या माणसाने माझी मान कलती करून मला शाळेत घेतलं, त्याच्यासमोर उभं राहून "माझ्यादेखत लिहा" म्हणणं म्हणजे त्या आखाती साहेबासारखंच वागणं झालं असतं. मी पाया पडले आणि निघाले.

सप्टेंबरात मुदीराबाईंनी मला आणि आपांना बोलावलं. दोन्ही पत्रं आमच्या शाळेच्या पत्त्यावर आली होती. आपांच्या हेडमास्तरांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांचा मतलब असा की आमच्याकडे जन्माचे दाखले नसतात, ही तारीख आम्ही अंदाजाने घातली, यात या बाईचा काही दोष नाही, दोष असलाच तर आमचा. मुदीराबाईंनी मान हलवली आणि ते पत्र बाजूला ठेवलं. आपांचं काम झालं.

माझं पत्र मराठीत होतं. टेबलाच्या पलीकडून, उलटं दिसत असूनही मी अक्षर ओळखलं. त्या अक्षरावरून मी लिहायला शिकले होते. त्या वाळवंटात ते बघून मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मुदीराबाई म्हणाल्या, "कचेरीत ही लिपी कुणाला येत नाही. तुझ्यावर माझा विश्वास आहे. तू वाचून इंग्रजीत सांग, मी खाली लिहून सही करते आणि पाठवते."

मी पत्र हातात घेतलं.

"सदर विद्यार्थिनीच्या पालकाने प्रवेशाच्या वेळी सादर केलेल्या जन्माच्या दाखल्यावरून नोंद घेण्यात आली आहे. सदर दाखला शाळेच्या दप्तरी उपलब्ध नाही. तो बनावट आढळल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी पालकाची राहील. शाळेचा व निम्नस्वाक्षरीकाराचा त्याच्याशी कोणताही संबंध नाही."

मी ते मनातल्या मनात दोनदा वाचलं. बाबांनी दाखला सादर केला? माझ्या बाबांनी आयुष्यात कुणाला कागद सादर केला नाही. कागद पुढे आला की ते अंगठा पुढे करायचे, आणि शाई पुसायला जागा नाही म्हणून तो अंगठा दिवसभर वेगळा धरून हिंडायचे. त्या दिवशी चावडीवर त्यांच्या हातात फक्त माझा हात होता. आणि गुरुजींना आणखी एक गोष्ट पक्की ठाऊक होती. आमच्या वस्तीतल्या माणसाने खोटा कागद केला म्हटलं, की ऐकणारा लगेच मान डोलावतो. ती मान डोलावली जाणार, याच्या भरवशावर ते पत्र लिहिलेलं होतं.

त्या खोलीत मराठी वाचणारी मी एकटीच होते. आपांना बोलता यायची, वाचता यायची नाही. मी काहीही सांगितलं असतं तर ते खरं ठरलं असतं. आपांच्याच पत्राच्या चार ओळी पुन्हा म्हटल्या असत्या तरी चाललं असतं. त्याहून मोठी गंमत अशी की तेच खरं होतं, आणि कागदावर लिहिलेलं खोटं होतं. आपांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी डोळ्यांनी खूण केली, सांग काहीतरी. मुदीराबाई पेन उघडून बसल्या होत्या.

आणि माझ्या पाठीत धपाटा बसला. खरंच बसल्यासारखा. जे लिहिलंय तेच वाच. मी वाचलं. शब्दाला शब्द इंग्रजी केलं, 'बनावट' हासुद्धा. माझा आवाज वर्गात असतो तसाच निघाला.

मुदीराबाईंनी लिहिणं मध्येच थांबवलं. "तुझ्या वडिलांनी तो दाखला कुठून आणला होता?" त्यांनी विचारलं.

"माझ्या वडिलांना वाचता येत नव्हतं," मी म्हटलं.

"मग आणखीच प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. चिडून नाही, वाईट वाटून.

महिन्याभरात मी जळगावच्या स्टेशनावर ट्रंक घेऊन उतरले. माझी पदवी खरी, गुणपत्रिका खऱ्या, मॅट्रिक खरं, चार वर्षं शिकवलेलं गणित खरं, आणि मी बनावट. आपा तिथेच राहिल्या, पुढे मुदीराबाईंच्या हाताखाली मोठ्या झाल्या. त्यांचं भलं झालं, मला त्याचा हेवा नाही. पण त्यांच्या हेडमास्तरांना मी कधी बघितलं नव्हतं, आणि माझ्या गुरुजींच्या मी पाया पडत होते, हे काही केल्या मनातून जात नव्हतं.

गुरुजींकडे मी आठ दिवस थांबून गेले. आधी गेले असते तर तोंडाला येईल ते बोलले असते. ते ओसरीवर बसले होते. मला बघून उठले, पुन्हा बसले. मी विचारलं, "गुरुजी, दाखला कुठला?"

"मी काय खोटं लिखं?" ते आधी म्हणाले. मग माझ्याकडे न बघता बोलत राहिले. "मना पेन्शनना कागद वर जायेल शेतस. एक नोंद अंदाजनी म्हनी सांगी तं बठ्ठं रजिस्टर खोटं पडी. मंग माले कोन वाचाडी?"

"आणि माझ्या बाबांना कोण वाचवणार?"

"तुना बाप ते गया, माय. गयेल मानूसले काय फरक पडस?"

घरातून चहाचा कप आला. मी तो घेतला नाही. आमच्याकडे कप न घेता उठणं म्हणजे काय, ते त्यांना बरोबर कळतं. पूर्वी आमच्या वस्तीतल्यांना वेगळ्या कपात चहा मिळायचा, गुरुजींनी मला लहानपणी घरातल्या कपात दिला होता. तो घरातलाच कप मी ओसरीवर तसाच भरलेला राहू दिला आणि एसटी धरली. मला नोकरी गेल्याचं दुःख कमी होतं. माझ्या आयुष्यात ज्या एका माणसाला मी कधी तपासलं नव्हतं तो खोटा निघाला, हे मला सोसत नव्हतं. मी धुळ्यापर्यंत रडले आणि कंडक्टरने दोनदा तिकीट विचारलं.

जळगावच्या हायस्कुलात माझी जागा भरली होती. धुळ्याला एका नव्या, पत्र्याच्या शाळेत तळापासून सुरुवात केली. गुरुजी त्यानंतर दीड-दोन वर्षांनी एकतीस मेला निवृत्त झाले. सत्काराचं पत्र मला आलं होतं, मी गेले नाही. वर्षं गेली, शाळेला मान्यता मिळाली, आधीच्या बाई गेल्या आणि माझ्याकडे प्रभारी मुख्याध्यापिकेचा शिक्का आला.

एका नोव्हेंबरात शिपाई सांगत आला की बाहेर कुणी म्हातारे मास्तर बसलेत. गुरुजी होते. मुलाकडे धुळ्याला राहायला आले होते. वाळले होते खूप. कोटाच्या खिशातून त्यांनी चार घड्यांचा छापील कागद काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. हयातीचा दाखला. दर नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना आपण जिवंत आहोत हे कुणाच्या तरी सहीने सिद्ध करावं लागतं, आणि त्यांच्या कचेरीला मुख्याध्यापकाची सही चालत असे.

"आठ दिवसथीन फिरी ऱ्हायनू," ते म्हणाले. "हाऊ म्हनस तिकडं जाय, तो म्हनस इकडं. समोर हुबा शे तरी इचारतस, जिवंत शेस का?"

मी कागद उलगडला आणि सवयीप्रमाणे वरपासून वाचायला लागले. नाव. हुद्दा. जन्मतारीख. तिथे एक जून होता.

मी तो आकडा पुन्हा वाचला. गुरुजी एकतीस मेला निवृत्त झाले हे मला माहीत होतं, गणित शिकवण्यावर माझं पोट होतं, आणि तरी हा हिशोब मी कधी केला नव्हता. त्यांनाही कुणीतरी चावडीवर उभं करून कान धरायला लावलं होतं. त्यांच्याही कुठल्या गुरुजींनी साल मागे मोजलं होतं. त्या आखाती कचेरीला त्यांनी माझ्या बापाचं नाव न घेता नुसतं एवढं कळवलं असतं, की माझीही तारीख अशीच आहे, तर पुरलं असतं.

"गुरुजी," मी म्हटलं, "उजवा हात डोक्यावरून न्या आणि डावा कान धरा."

मला वाटलं, ते चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांना लगेच कळलं. त्यांनी हात उचलला. खांदा धरलेला होता, कोपर कसंबसं वर गेलं आणि बोटं टाळूवर अडकली. मग त्यांनी स्वतःच मान कलती केली, बोट कानाला लावलं, आणि पोचला का अशा नजरेने माझ्याकडे बघितलं. मला ते बघवलं नाही. ते मागून घेतल्याची मला आजही लाज वाटते, आणि राग गेला असं मात्र अजूनही म्हणवत नाही.

मी पेन उघडलं. खाली छापलेलं होतं, "प्रमाणित करण्यात येते की, सदर व्यक्ती आज रोजी हयात असून मी तिला व्यक्तिशः ओळखते." जे लिहिलंय ते मी नीट वाचलं. मग वाक्याच्या 'ओळखते' म्हणणाऱ्या दुसऱ्या अर्ध्या भागावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, खाडाखोडीशेजारी सही केली, खाली सही केली आणि शिक्का मारला.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. ती रेघ त्यांना दिसली.

"हाई चाली का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"चालेल," मी म्हटलं. "पेन्शन अडकणार नाही."